गंगाधरपंत टिळक: शाळामास्तर ते दिपोटी

वाशिष्ठी

रत्नागिरीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. कोकणातल्या शाळांच्या सहली तिथे हमखास जातात. पण ते घर टिळकांच्या मालकीचं नव्हतं, हे फार थोड्यांच्या ध्यानात राहतं. सदोबा गोरे यांच्या घरात टिळकांचं बिऱ्हाड होतं. टिळक मूळचे दापोलीजवळच्या चिखलगावचे. मग २३ जुलै १८५६ ला हे कुटुंब रत्नागिरीत भाड्याने का राहत होतं? कारण घरचा कर्ता पुरुष तिथल्या शाळेत मास्तर होता.

त्या मास्तरांबद्दल लिहायचं म्हणून हा धागा काढते आहे. गंगाधर रामचंद्र टिळक. जन्म १८२०, मृत्यू १८७२. लोकमान्यांच्या कुठल्याही चरित्रात पहिली पाच-सहा पानं त्यांना मिळतात. मुलाला संस्कृत श्लोक पाठ करायला लावणारे, गणिताची गोडी लावणारे वडील, एवढं सांगून झालं की चरित्रकार पुढे जातो. मला तिथेच थांबावंसं वाटतं. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि माझे वडीलही शिक्षकच होते. त्यामुळे बदली, भाड्याचं घर आणि चाचणीच्या वह्यांचा गठ्ठा या तीन गोष्टी ज्या घरात असतात, ते घर मला आतून माहीत आहे.

गंगाधरपंतांना खरं तर पुढे शिकायचं होतं. पुण्याला जाऊन शिक्षण सुरूही केलं होतं. पण आई गेली, वडिलांनी संसारातून मन काढून काशीची वाट धरली आणि धाकट्या भावंडांचा भार या पोरगेल्या वयाच्या मुलावर आला. इंग्रजी शिक्षण तिथेच तुटलं आणि तुटपुंज्या पगारावर मराठी शाळेत नोकरी धरावी लागली. ज्याला शिकायला मिळालं नाही तो पुढे आयुष्यभर शिकवत राहिला. नुसतं शिकवलं नाही, तर त्रिकोणमितीवर आणि व्याकरणावर मराठीत पुस्तकं लिहिली.

यातल्या त्रिकोणमितीकडे नीट बघा. एकोणिसाव्या शतकाचा मध्य. मराठीत पाठ्यपुस्तकं नुकती कुठे तयार होत होती. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ चं. मेजर कँडी आणि त्यांच्या हाताखालचे शास्त्री वाचनमाला घडवत होते. गणित, भूगोल, पदार्थविज्ञान यांसाठी मराठीत शब्दच पुरेसे नव्हते. अशा वेळी जिल्ह्याच्या गावातला मास्तर, ज्याचं स्वतःचं इंग्रजी शिक्षण अर्ध्यावर सुटलेलं, तो मराठी मुलांसाठी त्रिकोणमिती लिहायला बसतो. दिवसा शाळा, घरी बायको-मुलं, उजेड तेलाच्या दिव्याचा. हे काम कुणी नेमून दिलं म्हणून होत नाही. वर्गात शिकवताना ज्याची रोज अडचण होते, तोच अशा पुस्तकाच्या नादी लागतो.

घरातही मास्तरकी चालूच असायची. मुलाने एक श्लोक पाठ केला की एक पै. आणि तो 'कादंबरी'चा प्रसंग: बाळला बाणभट्टाची 'कादंबरी' वाचायची होती. वडिलांनी एक अवघड गणित घातलं, हे सोडव मग पुस्तक देतो म्हणाले. पोरगा गणिताला चिकटून बसला आणि सोडवूनच उठला. चरित्रांत हा प्रसंग मुलाच्या बुद्धीची साक्ष म्हणून येतो. मला त्यात शिक्षक दिसतो. मुलाला झेपेल पण सहज सुटणार नाही, असं नेमकं गणित निवडता येणं ही वर्षानुवर्षं फळ्यासमोर उभं राहून आलेली नजर आहे.

१८६६ मध्ये ते असिस्टंट डेप्युटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर झाले, म्हणजे लोकांच्या भाषेत दिपोटी, आणि बिऱ्हाड पुण्याला हललं. त्याच वर्षी पार्वतीबाई वारल्या. दहा वर्षांचं पोर, बायको गेलेली, नवं शहर आणि नोकरी अशी की घरी पाय ठरायचा नाही. घर गंगाधरपंतांचे भाऊ गोविंदराव आणि त्यांच्या पत्नीने सांभाळलं. मुलाचं लग्न १८७१ मध्ये झालं आणि पुढच्याच वर्षी, ३१ ऑगस्टला, गंगाधरपंत गेले. बाळ तेव्हा १६ वर्षांचा. मॅट्रिक तो त्याच वर्षी झाला.

मला विचारायचं आहे ते हे: दिपोटी नेमकं काय करत असे? इथे शिक्षण खात्यात काम केलेली, जुने अहवाल वाचलेली मंडळी आहेत. लिहा. आणि कृपा करून धागा लोकमान्यांच्या राजकारणाकडे नेऊ नका, त्यासाठी दुसरे धागे भरपूर आहेत.

---

पेठेतला

वाशिष्ठीताई, चांगला विषय काढलात. १८६६ हे वर्ष आलं कुठून ते सांगतो.

मुंबई इलाख्यात १८४० पासून बोर्ड ऑफ एज्युकेशन होतं. १८५४ चा वुडचा खलिता, म्हणजे हिंदुस्थानातल्या शिक्षणाचं धोरण ठरवणारं विलायतेहून आलेलं पत्र, आला आणि १८५५ मध्ये स्वतंत्र शिक्षण खातं उभं राहिलं: वर डायरेक्टर, खाली विभागवार इन्स्पेक्टर, त्यांच्या हाताखाली डेप्युटी. पण खेड्यात शाळा काढायला पैसा कुठे होता? तो १८६३ च्या सुमाराला लोकल फंडातून आला. शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा जादा पट्टी बसली आणि तिचा तिसरा हिस्सा शिक्षणाला ठेवला. म्हणजे शेतकऱ्याच्याच पैशातून गावोगाव मराठी शाळा निघाल्या. शाळा वाढल्या तशी त्या तपासणारी माणसं लागली, आणि मराठी शाळा आतून ओळखणाऱ्या अनुभवी मास्तरांना वर घेणं खात्याला भाग पडलं. गंगाधरपंतांची बढती या लाटेतली आहे.

त्यांच्या आधीची पिढीही लक्षात घ्या. बाळशास्त्री जांभेकर 'दर्पण'मुळे सगळ्यांना माहीत, पण ते शिकवत होते आणि दक्षिण भागातल्या शाळांची तपासणीही त्यांच्याकडे होती. १८४६ मध्ये ऐन उमेदीत गेले.

---

जुना_मास्तर

मी एकशिक्षकी शाळेपासून सुरुवात केली, मग मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख आणि शेवटी पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालो. १८६६ चं मला ठाऊक नाही. शाळा तपासणं म्हणजे काय ते सांगू शकतो.

गाडी दारात उभी राहिली की शाळा बदलते. मुलं ताठ बसतात, गुरुजी फळ्यावर सुविचार आणि तारीख लिहितात, एक पोरगा पाणी आणायला पळतो. शाळेचं खरं रूप त्याच्या आधी असतं किंवा नंतर. म्हणून मी मोटारसायकल अलीकडच्या वाडीत लावून चालत जायचो. आधी हजेरीपट आणि समोरची डोकी जुळवायची. मग पोषण आहाराची नोंदवही. हे दप्तराचं काम आटपलं की खुर्ची बाजूला सारून मुलांच्यात खाली बसायचं. चौथीच्या वर्गात जायचं आणि शेवटच्या रांगेतलं, भिंतीला टेकून बसलेलं पोर असतं ना, त्याच्या हातात पुस्तक द्यायचं. पहिल्या रांगेतली मुलं गुरुजींनी पुढे केलेली असतात. शाळेचा खरा अंदाज त्या भिंतीकडच्या पोरावरून येतो.

एकदा असा गेलो, तर गुरुजी दुसरीतल्या एका मुलीचा हात धरून पाटीवर 'क्ष' गिरवून घेत होते आणि बाकी तीन वर्ग मोठ्या मुलांच्या हवाली होते. हजेरीपट भरलेला नव्हता. नियमाने शेरा काय मारायचा ते ठरलेलं. मी शेरेबुकात लिहिलं की हजेरी दहा मिनिटं उशिरा भरली, आणि खाली लिहिलं की दुसरीच्या सगळ्या मुलांना जोडाक्षरं येतात. दोन्ही खरं होतं.

ज्याने स्वतः तीस-चाळीस पोरांपुढे खडू धरलेला नाही, त्याला पहिली ओळ लिहिता येते, दुसरी सुचत नाही. गंगाधरपंतांना दोन्ही सुचत असणार, असं मला वाटतं.

---

अनघा_आर

जुना_मास्तर काका, दोन ओळींचा तो शेरा मी उतरवून ठेवला. मी डी.एड.च्या मुलांना शिकवते, त्यांना वाचून दाखवणार आहे.

---

सातारकर

धागा चांगला आहे, तरी एक गोष्ट मांडल्यावाचून राहवत नाही. गंगाधरपंत ज्या शाळांत शिकवत आणि ज्या तपासत, त्यांची दारं कोणासाठी उघडी होती?

जून १८५६. लोकमान्यांच्या जन्माच्या महिनाभर आधी. धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला, आणि त्याच्या वतीने मुंबई सरकारकडे अर्ज गेला. हा अर्ज इतिहासात नोंदलेला आहे, बाबासाहेबांनीही त्याचा उल्लेख केला आहे. सरकारने तत्त्व मान्य केलं, पण त्या मुलाला शाळेत बसवलं नाही. बाकीची मुलं शाळा सोडतील ही भीती. पुढे वरून हुकूम आले की सरकारी शाळा सर्वांना खुल्या, पण गावात हुकूम किती चालला ते आपल्याला माहीत आहे.

पेठेतला यांनी लोकल फंडाचं सांगितलं. तो पैसा कुणब्याचा, आणि शाळेत बसणारी मुलं बहुतेक कुणाची? जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे, म्हणजे सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगापुढे, जे निवेदन दिलं त्यात नेमका हाच मुद्दा आहे. रयत कर भरते आणि शिक्षण वरचे वर्ग घेतात. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचं करा, अशी मागणी त्यांनी केली. ती मागणी कायद्यात यायला पुढे किती काळ लागला!

आणि या धाग्याशी थेट संबंध असलेली गोष्ट म्हणजे त्यांनी दिपोटींबद्दलही लिहिलं आहे. देखरेखीची व्यवस्था अपुरी आणि सदोष आहे, वर्षातून एकदा येऊन परीक्षा घेतल्याने काही साधत नाही, निदान तिमाहीला तपासणी हवी, आणि मधूनमधून आगाऊ न कळवता शाळेला भेट द्यावी. जुना_मास्तर यांनी मोटारसायकल अलीकडच्या वाडीत लावली, ती सूचना जोतीरावांनी १८८२ मध्येच केलेली होती.

---

जुना_मास्तर

सातारकर, हे मला माहीत नव्हतं आणि वाचून फार बरं वाटलं. त्या निवेदनात मास्तरांच्या पगाराबद्दलही आहे ना?

---

सातारकर

आहे. परीक्षा पास झालेल्या मास्तराला महिना १२ रुपयांपेक्षा कमी देऊ नये, मोठ्या गावात १५ ते २० द्यावे. शिवाय मास्तराला गावाच्या हिशेबांची तपासणी, दस्तनोंदणी, टपाल, स्टँपविक्री अशी कामं जोडून द्यावीत, म्हणजे त्याचं उत्पन्नही वाढेल आणि गावात वजनही राहील. मास्तर शेतकरी वर्गातले असावेत, गरज पडली तर नांगर धरणारे, म्हणजे ते मुलांत मिसळतील. अभ्यासक्रमात मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीची ओळख, आरोग्य. आजचा कुठलाही धोरण-मसुदा शेजारी ठेवून वाचा, जोतीराव पुढेच दिसतील.

---

वाशिष्ठी

सातारकर, तुम्ही लिहिलंत ते धाग्याबाहेरचं अजिबात नाही. गंगाधरपंतांबद्दल आदर वाटतो म्हणून त्या शाळांच्या बंद दारांकडे पाठ करणं मला जमणार नाही.

तुमच्या प्रतिसादावरून दापोलीतलाच दुसरा एक मास्तर आठवला. रामजी सकपाळ. मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुका, म्हणजे चिखलगावापासून फार लांब नाही. आपण त्यांना सुभेदार म्हणून ओळखतो, पण ते लष्करी शाळेत १४ वर्षं मुख्याध्यापक होते. पलटणीतल्या मुलांना शिकवत. निवृत्तीनंतर काही काळ दापोलीच्या कॅम्पात राहिले, मग साताऱ्याला गेले. तिथे त्यांच्या धाकट्या मुलाला, भीमरावाला, वर्गात इतरांपासून वेगळं बसावं लागे आणि बसायचं गोणपाट घरून न्यावं लागे. वडील स्वतः मुख्याध्यापक राहिलेले, आणि मुलाला शाळेत सतरंजीवर जागा नाही!

दोघांनीही मुलांचा अभ्यास घरी जातीने घेतला. एकाने श्लोकाला पै दिली. दुसऱ्याने पुढे मुंबईत चाळीतल्या एका खोलीत मुलाला पहाटे उठवून अभ्यासाला बसवलं, पुस्तकं आणायला लेकीचे दागिनेसुद्धा गहाण टाकले. गंगाधरपंतांना खात्याने वर घेतलं, पुण्याला नेलं. रामजींच्या मास्तरकीला पलटणीबाहेर कुठलीच शाळा खुली नव्हती. हा फरक दोघांच्या लायकीतला नव्हता.

---

पेठेतला

ताई, याच भागातलं आणखी एक. मुरूडचे धोंडो केशव कर्वे. प्राथमिक शाळेत मास्तर व्हायचं तर सहावीची सरकारी परीक्षा पास व्हावी लागे, आणि केंद्र साताऱ्याला. १८७५ मध्ये कर्वे मुरूडहून कुंभार्ली घाटाने पायी साताऱ्याला गेले, तेही पावसापाण्यात. तिथे परीक्षकांनी बघितलं आणि हा मुलगा १७ वर्षांचा दिसत नाही म्हणून परीक्षेलाच बसू दिलं नाही. तसेच परत. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन परीक्षा दिली आणि पास झाले. आत्मवृत्तात त्यांनी हे लिहिलं आहे.

मास्तरची नोकरी त्या काळी किती मोलाची होती ते यावरून कळतं. आणि खात्याचा अधिकारी पोराकडे नुसतं बघून त्याचं वर्ष कसं घालवू शकत होता, तेही.

---

मीठभाकर

सगळं वाचलं. माझा एक प्रश्न आहे. गंगाधरपंतांनी आयुष्य सरकारी खात्यात काढलं आणि मुलाने मात्र सरकारी नोकरी धरली नाही. घरात याचा काही धागा होता का? राजकारणात जात नाही, शिक्षणापुरतंच विचारतोय.

---

पेठेतला

मीठभाकर, फार नेमका प्रश्न विचारलात.

जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघालं. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक. विष्णुशास्त्र्यांचे वडील कृष्णशास्त्री हेही शिक्षण खात्यातलेच, पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुख. मराठी शाळांचे मास्तर ज्या कॉलेजात घडत ते त्यांच्या हाताखाली होतं. 'शालापत्रक' हे शिक्षकांसाठीचं मासिक त्यांनी चालवलं, पुढे ते विष्णुशास्त्र्यांकडे आलं आणि १८७५ मध्ये सरकारने बंद पाडलं. विष्णुशास्त्री स्वतः सरकारी हायस्कुलात शिक्षक होते आणि त्यांची बदली झाली ती रत्नागिरीला! गंगाधरपंतांच्याच गावी. तिथली नोकरी सोडून ते पुण्याला आले आणि शाळा काढली.

म्हणजे सरकारी खात्याबाहेरची ही शाळा काढणारे दोघे त्याच खात्यातल्या अधिकाऱ्यांची मुलं. त्यांनी खातं आतून पाहिलं होतं. बदलीचा हुकूम आला की घर कसं उठतं, वरच्या साहेबाचं मत फिरलं की मासिक कसं बंद पडतं, हे घरातच कळलेलं. पण शिकवण्याचं वेड त्यांनी टाकलं नाही. नोकरी टाकली आणि शाळा धरली. माझ्या मते गंगाधरपंतांचा खरा वारसा राजकारणाच्या आधी इथे दिसतो: बी.ए.ला गणितात पहिला वर्ग मिळवलेला, एलएल.बी. झालेला तरुण वकिली न करता मुलांना गणित शिकवायला वर्गात उभा राहिला.

---

अनघा_आर

यावर मला थोडं वेगळं वाटतं. खात्याबाहेर पडून शाळा काढणं मोठंच. पण वाडीवस्तीवरच्या पोराला न्यू इंग्लिश स्कूल कुठून दिसणार? त्याच्यापर्यंत पोचली ती लोकल फंडाची, नंतर लोकल बोर्डाची आणि १९६२ नंतर जिल्हा परिषदेची शाळा. ती चालू राहिली ती गंगाधरपंतांसारख्या, जुना_मास्तर काकांसारख्या माणसांमुळे, जे खात्यात टिकून राहिले, बदल्या सोसल्या आणि शेरेबुकात दोन ओळी लिहीत राहिले. त्यांचे पुतळे होत नाहीत, पण आज ग्रामीण महाराष्ट्रातली जी पिढी अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक म्हणून उभी आहे, तिच्या पहिलीच्या हजेरीपटावर यांच्या सह्या आहेत. माझ्याही.

---

मीठभाकर

अनघाताई, पटलं. माझंही शिक्षण वाडीवरच्या शाळेत, दोन खोल्या आणि चार वर्ग. साहेब येणार म्हटलं की आम्ही अंगण सारवायचो. एका साहेबांनी मला 'पाऊण पटीचा पाढा म्हण' म्हटलं होतं, मला येत नव्हता. ते रागावले नाहीत. खाली बसले आणि बोरांच्या बियांवर पाऊणचा हिशेब समजावला. ते नंतर कधी भेटले नाहीत, नावही माहीत नाही. पण तीन बाजूला ठेवायच्या, एक काढायची, हे मी आज माझ्या मुलीला तसंच दाखवतो.

---

जुना_मास्तर

मीठभाकर, ते साहेब कुठल्या तालुक्यातले होते? पावकी, निमकी, पाऊणकी घेणारे आमच्या वेळचे दोन-तीनच होते. तालुका सांगा, मी जुन्या मंडळींना विचारून बघतो. हयात असतील तर तुमचं हे त्यांच्यापर्यंत पोचवतो.

---

मीठभाकर

संगमेश्वर. देवरुखच्या बाजूला. उंच होते, धोतर नेसायचे, पायांत कोल्हापुरी. काका, खरंच मिळाले तर सांगा, मी गाडी काढून येतो.

---

वाशिष्ठी

काका, पत्ता लागला तर इथे जरूर कळवा. आणि पेठेतला, कृष्णशास्त्रींवर तुम्ही स्वतंत्र धागा काढा. ट्रेनिंग कॉलेजात मास्तर कसे घडवत, त्यांना काय काय शिकवत, सराव पाठ होते का, हे सगळं मला वाचायचं आहे. इथे प्रतिसादात ते मावणार नाही.